पोंक्षे गुरुजींचं मैरेय

श्रीपाद पोंक्षे गुरुजींनी ठाण्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना वर्गाबाहेर संस्कृतातली एक शंका विचारली नाही. १९४९ साली ते निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल, नारळ आणि टेबलावरचं घड्याळ दिलं. ज्याला यापुढे कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ देण्यात शाळेचा टोमणा असावा, असं सुमतीबाईंना वाटलं. गुरुजींना तो गौरव वाटला. तीस वर्षांचा संसार असल्यामुळे सुमतीबाईंनी त्यांना तसं वाटू दिलं.

डोंबिवलीच्या घरी बसून गुरुजी वर्तमानपत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करू लागले. वर्तमानपत्र संपलं की दूधवाल्याचं व्याकरण. दूधवाल्याने एक दिवस रतीब तोडला. मग सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, कुठेतरी व्याख्यानं द्या. बाहेर."

देव अशी प्रार्थना सहसा ऐकत नाही, पण सरकारने ऐकली. १९५० च्या एप्रिलात सगळं मुंबई राज्य एका सहीसरशी कोरडं झालं. आजपासून तुम्ही सुधारला आहात, असं पिणाऱ्यांना कळवण्यात आलं. ज्यांना सुधारणं प्रकृतीला मानवणार नव्हतं त्यांच्यासाठी परमिटची सोय होती. डॉक्टरने लिहून द्यायचं, की या गृहस्थांना दारूवाचून धोका आहे. त्या एका महिन्यात ठाणे जिल्ह्यातल्या इतक्या प्रतिष्ठित माणसांची प्रकृती ढासळली, की पटकीच्या साथीतसुद्धा ढासळली नसेल. जिल्हा दारूबंदी प्रचार समितीचे अध्यक्ष दौलतराव हेही त्या दुर्दैवी रुग्णांपैकीच. सभेत ते संयमावर बोलायचे आणि सभा लांबली की घड्याळाकडे बघत हवालदिल व्हायचे.

या समितीचा प्रचार अधिकारी गुरुदत्त नाडकर्णी हा सव्वीस वर्षांचा, बी. ए. झालेला, घामेजलेला तरुण. त्याचं दुःख वेगळं होतं. त्याने गावोगाव भजनं लावली, लोक उठून गेले. एका डॉक्टरला सडक्या यकृताचं रंगीत चित्र घेऊन फिरवलं, तर लोकांना वाटलं हा मटणाचा भाव सांगायला आला आहे. वर "उपस्थिती किती" असा रकाना दरमहा भरून पाठवावा लागे. कुणीतरी त्याला सांगितलं, की डोंबिवलीत एक गुरुजी आहेत, ते दारू पीत नाहीत, विडीकाडी ओढत नाहीत आणि त्यांना दुसरं काही कामही नाही. तिन्ही गुण एका माणसात सापडल्यावर गुरुदत्त धावतच आला.

"सर, दारूच्या दुष्परिणामांवर फक्त एक तास बोलायचं."

गुरुजींनी चष्मा पुसला. "नाडकर्णी, खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष मांडायला हवा. जिचं खंडन करायचं ती वस्तू काय, कुठून आली, कोण कशी करत असे, हे सांगितल्याशिवाय निंदा करणं हा अडाणीपणा झाला."

"मांडा ना सर. फक्त शेवटी खंडन तेवढं नक्की करा."

गुरुजींनी तीन महिने अभ्यास केला. आलेपाकापलीकडे ज्यांच्या जिभेला काही झोंबलं नव्हतं ते गुरुजी जुन्या पोथ्यांतून सुरा, मेदक, प्रसन्ना, आसव आणि मैरेय या जुन्या मद्यप्रकारांत बुडून गेले. पहिलं व्याख्यान डोंबिवलीत देवळाच्या सभामंडपात झालं. 'मद्यपान : वेदकाळापासून आजतागायत'. दौलतराव अध्यक्षस्थानी.

पूर्वपक्ष पावणेदोन तास चालला. सोमवल्ली कशी कुटायचे, लोकरीच्या गाळणीतून कशी गाळायचे इथून गुरुजींनी सुरुवात केली. मग ते मौर्यांच्या राज्यात शिरले. त्या काळी दारू प्यायच्या सरकारी पानशाळा होत्या, त्यांत निजायला वेगळ्या खोल्या, फुलांच्या माळा, सुगंधी पाणी. कोण काय बरळतो ते ऐकायला कोपऱ्यात गुप्तहेर. तिथून वायव्येकडच्या द्राक्षांची दारू, तिथून वसईचे फिरंगी, आणि शेवटी इंग्रज. इंग्रजाने आपल्याच ठाणे जिल्ह्यात मोहाची फुलं वेचायला बंदी घातली आणि घरोघरची भट्टी मोडून आपली मक्त्याची दारू लोकांच्या घशात ओतली, हे सांगताना गुरुजींचा आवाज चढला. खंडनाला पाच मिनिटं उरली. त्यात ते म्हणाले, "तात्पर्य, मद्य वाईट."

टाळ्या थांबेनात. दौलतराव तर इतके गलबलले, की आभार मानायचे विसरून थेट घरी गेले.

बत्तीस वर्षांत गुरुजींनी असलं काही अनुभवलं नव्हतं. लोक ऐकत होते! ठाकुर्लीच्या वीजघरातल्या कामगारांनी त्यांना दोनदा बोलावलं, दुसऱ्यांदा निरोप आला, "खंडन नको, पहिलंच परत सांगा." मानपाड्याला लोक बैलगाड्या जुंपून आले. गुरुदत्तचा उपस्थितीचा रकाना असा फुगला, की वरून शाबासकीचं पत्र आलं आणि मागोमाग आदेश, की हे व्याख्यान सरकारी खर्चाने छापून वाटावं. गुरुजींनी छपाईसाठी मजकूर अधिक काटेकोर केला. मैरेयाची कृती मूळ प्रमाणासह दिली. सामान्य वाचकाला द्रोण, आढक आणि प्रस्थ कळणार नाहीत, म्हणून खाली टीप देऊन शेर, पायली आणि अधोलीत हिशेब करून दिला. गुरुदत्तने तो मजकूर वाचला नाही. सरकारी पुस्तिका अधिकाऱ्यांनी वाचायच्या नसतात.

बाळकुमचं व्याख्यान खाडीकाठी, सुकत घातलेल्या जाळ्यांच्या शेजारी झालं. समोर कोळी बायाबापड्या बसलेल्या. इथे टाळ्या नव्हत्या की हसू नव्हतं. कारागिराचं काम दुसरा कारागीर बघतो तसे सगळे गप्प राहून ऐकत होते. मैरेय आलं तेव्हा पहिल्या रांगेतली एक पन्नाशीची बाई, अंगाने उंच, कपाळ मोकळं, सरळ उभी राहिली. तिचं नाव चंद्रभागा.

"गुरुजी, एक इचारू?"

गुरुजी क्षणभर गोंधळले. हा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. "विचारा की."

"त्यांनी गूल घातला, मिरी घातली, पिंपली घातली. ते बरोबर. पन आंबवन कशाचा लावला?"

"किण्व. म्हणजे आंबवण्याचं द्रव्य."

"ते मना म्हाईत हाय. पन कशाचा? तांदलाचा का झाराच्या सालीचा? आनि मडका किती दिस पुरला?"

गुरुजींनी टिपणं चाळली. "तसा उल्लेख आढळत नाही."

"मंग लिवनाऱ्यानं सोता कवा केली नसंल," चंद्रभागा म्हणाली आणि खाली बसली. "येवऱ्या गुलाला येवरा पानी घातला तं चौथ्या दिशी आंबट ढान होतंय."

दुसरा कुणी वक्ता असता तर चिडला असता. गुरुजी परतीच्या टांग्यात गुरुदत्तला म्हणाले, "नाडकर्णी, पाठभेदाची शंका काढली हो बाईने! पाण्याचं प्रमाण भ्रष्ट असू शकतं." गुरुदत्त रकान्यात 'उपस्थिती २१२' लिहीत होता.

व्याख्यानात गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती पुस्तिकेतही होती. मौर्यांच्या राज्यात मद्यावर इतका कडक पहारा असूनही सणासमारंभाला चार दिवस प्रजेला घरी करायची मुभा असे, आणि घरच्या कार्यापुरती किंवा औषधापुरती तर कुटुंबवाल्याला नेहमीच. बाळकुमकरांनी बाकी सगळं ऐकलं, पण हे मनात ठेवलं.

पुढे १९५२ च्या फाल्गुनात चंद्रभागेच्या मुलीचं, मालूचं लग्न ठरलं. लग्नाआधी चार दिवस पोलिसांनी घरावर छापा घातला आणि माजघरात पुरलेलं एक मडकं उकरून काढलं. पंचनाम्यात दोन वस्तूंची नोंद झाली : आंबूस वासाच्या द्रवाने भरलेलं मडकं एक, आणि मेणकापडात गुंडाळलेली सरकारी छापखान्याची पुस्तिका एक. फौजदाराने विचारलं, "ही दारू कोणाची?" चंद्रभागेने सांगितलं, "माजी नाय. पोंक्षे गुरुजींची हाय."

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. लग्न लावणाऱ्या धवलारणींनी गाणी म्हटली, पण देवाला पाजायचा थेंब ठाण्याच्या पोलीस चौकीत सीलबंद होता. देवाला शहाळ्याचं पाणी दाखवलं. देवाने काही तक्रार केली नाही, पण म्हाताऱ्या माणसांनी चार दिवस केली.

गुरुजींना समन्स आलं तेव्हा सुमतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ते वाचलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बाहेर व्याख्यानं द्या असं मी म्हटलं होतं. कोर्टात द्या असं नव्हतं म्हटलं."

डोंबिवलीत बातमी पसरायला दुपार पुरली. संध्याकाळपर्यंत पोंक्षे गुरुजींची बाळकुमला भट्टी असल्याचं सर्वांना ठाऊक झालं. वाचनालयात ते येताच माणसं वर्तमानपत्रं चेहऱ्यासमोर धरू लागली. दौलतरावांनी निरोप पाठवला, की समितीशी गुरुजींचा संबंध कधीच नव्हता, आणि असलाच तर तो तोंडी होता.

साक्षीच्या आदल्या दिवशी गुरुदत्त आला. तो आता जास्तच घामेजला होता.

"सर, एवढंच सांगा, की पुस्तिकेतली कृती ही छापखान्याची चूक. नजरचुकीने आत आली."

"दीड पान नजरचुकीने?"

"मग असं सांगा, की संस्कृताचं भाषांतर करताना तुमची गफलत झाली."

गुरुजी ताडकन उठले. दारू गाळल्याचा आरोप त्यांनी आठ दिवस मुकाट सोसला होता. भाषांतर चुकल्याचा आरोप त्यांना सोसवेना. "नाडकर्णी, तुम्ही निघा."

"सर, माझी नोकरी जाईल हो!"

गुरुदत्तचे डोळे खरंच भरून आले होते. गुरुजी पुन्हा बसले. त्यांना आपल्या शाळेतली हेडमास्तरपुढची कित्येक वर्षं आठवली असावीत. "बघतो," ते पुटपुटले. आणि खरं सांगायचं तर घाबरून त्यांनी ठरवलंही होतं, की छापखान्याचं नाव घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. बाईला जे व्हायचं ते होईल. ती दारू तर गाळणारच होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कोर्टात तीच पुस्तिका ओळखण्यासाठी त्यांच्या हातात दिली गेली. गुरुजींनी ती उघडली आणि उलटत राहिले. पानांचे कोपरे मऊ पडले होते. समासात जागोजाग कोळशाच्या रेघा होत्या. एक रेघ, दोन रेघा, कुठे फुली.

"या खुणा कोणाच्या?" त्यांनी मॅजिस्ट्रेटना न विचारता थेट आरोपीलाच विचारलं.

"माज्या," पिंजऱ्यातून चंद्रभागा म्हणाली. "मना वाचता येत नाय. मालू वाचून दावायची. जिथं तुमचा बरोबर तिथं रेघ, जिथं चुकला तिथं फुली. पान्याच्या तिथं मोठी फुली हाय बगा."

मॅजिस्ट्रेटनी तिला गप्प केलं. गुरुजींनी पान शोधलं. मोठी फुली होती. बत्तीस वर्षांत तीन हजारांवर पोरांना त्यांनी पुस्तकं दिली होती. त्यांपैकी कुणीही त्यांच्या शिकवण्यावर एक रेघ ओढली नव्हती. विहिरीत दोर सोडत राहावं आणि बत्तीस वर्षांनी खालून कुणीतरी तो ओढावा, तसं त्यांना झालं. तेही नेमकं पिंजऱ्यातून.

आरोपीच्या वतीने उत्तमराव नावाचे वकील उभे होते. त्यांनी विचारलं, "गुरुजी, ही कृती पुस्तिकेत चुकून छापली गेली का?"

मागच्या बाकावर गुरुदत्तने डोळे मिटले.

"नाही," गुरुजी म्हणाले. "मी दिली. अधिकाऱ्यांना माझ्या मजकुराची काही माहिती नव्हती, त्यांनी तो वाचलाच नव्हता. कृतीत पाण्याचं प्रमाण मात्र चुकलेलं आहे. ते आरोपीने दाखवून दिलं."

"आसव, अरिष्ट आणि सुरा यांत भेद काय?"

हा प्रश्न विचारायला नको होता असं उत्तमरावांना चाळीस मिनिटांनी वाटलं. मॅजिस्ट्रेटनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी सरकारी वकील उठले.

"आपण दारू कधी चाखलीत?"

"कधीही नाही."

"मग वासावरून तरी सांगाल?" त्यांनी मडक्यातल्या द्रवाची बाटली पुढे केली. "हे औषध आहे का दारू, हे शपथेवर सांगा."

गुरुजींनी बाटली नाकाशी नेली. मग जरा दूर धरली आणि पुन्हा नाकाशी नेली. गर्दीत अचानक घरचं कुणी भेटावं, तसा भाव चेहऱ्यावर आला.

"हा वास माझ्या ओळखीचा आहे. कल्याणच्या वैद्यांकडून आमची मंडळी माझ्यासाठी द्राक्षासव आणतात. त्याचा वास थेट असाच."

"आपण ते किती वर्षं घेता?"

"एकोणीस."

"अधूनमधून?"

"दोन्ही जेवणांनंतर."

कोर्टात खसखस पिकली. सरकारी वकिलांना आता थांबवत नव्हतं. "म्हणजे दारूबंदीची व्याख्यानं आपण..."

"जेवणानंतरच द्यायचो, हो," गुरुजी प्रामाणिकपणे म्हणाले. आपण एकोणीस वर्षं काय करत आलो हे त्या क्षणी पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात येत होतं आणि त्यांचे कान तांबडे झाले होते. पण शपथ ही शपथ.

उत्तमरावांनी संधी साधली. वरच्या कोर्टाने औषधी आसवं नुकतीच कायद्याच्या कचाट्यातून सोडवली आहेत, ही आरोपी प्राचीन परवानगीनुसार घरच्या कार्यापुरतं आसव करत होती, आणि सरकारनेच तिला कृती पुरवली, असं त्यांनी मांडलं. मॅजिस्ट्रेट सज्जन होते. त्यांनी निकालात लिहिलं, की सध्या या प्रदेशावर मौर्यांचा अंमल नसून मुंबई सरकारचा आहे, त्यामुळे चार दिवसांची मुभा लागू होत नाही, आणि एवढं मडकं औषध म्हणून संपवायला एका पिढीचा खोकला लागेल. आरोपी दोषी. परंतु शासनाने स्वतः छापलेल्या मजकुरावर एका निरक्षर बाईने विश्वास ठेवला, हे शिक्षा कमी करण्यास विशेष कारण आहे. सबब कोर्ट उठेपर्यंत कैद.

साडेबारा वाजले होते. मॅजिस्ट्रेटना एक वाजता कुठेतरी जेवायला जायचं होतं. चंद्रभागेने आपली शिक्षा बाकावर बसून भोगली, ती एकूण बावीस मिनिटं भरली.

बाहेर व्हरांड्यात ती गुरुजींपाशी आली. गुरुजींना वाटलं, आता ही रागावणार.

"गुरुजी, खोटं बोलला असता तं तुमी सुटला असता."

"तुम्ही अडकला असतात."

"मी तं अडकलीच की!" ती हसली. "पन पान्याचं कोर्टात सांगलाव ते बरं केलाव. सगल्यांनी आयकलं."

घरी सुमतीबाईंना गुरुजींनी सगळं सांगितलं, द्राक्षासवासकट. सुमतीबाईंनी फडताळातली द्राक्षासवाची बाटली काढून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, जेवण झालं की तुम्ही जरा गोड बोलता ते माझ्या स्वयंपाकामुळे."

पुस्तिका तातडीने परत मागवण्यात आल्या. पाच हजारांपैकी एकोणचाळीस परत आल्या. गुरुदत्तची नोकरी गेली नाही. मजकूर वाचला नव्हता हे कोर्टात सिद्ध झाल्यामुळे तो निर्दोष ठरला आणि त्याला परमिटच्या खात्यात बढती मिळाली. दौलतरावांचा अर्ज आता तोच पुढे पाठवतो. गुरुजींची व्याख्यानं बंद झाली आणि वाचनालयातली वर्तमानपत्रं काही खाली आली नाहीत.

श्रावणात चंद्रभागा स्वतः डोंबिवलीला आली. सोबत चारपाच बाया होत्या. शेजारच्या खिडक्या लगोलग उघडल्या. सुमतीबाईंनी खिडक्यांकडे एकदा पाहिलं आणि सतरंजी मुद्दाम ओटीवर घातली.

काम साधं होतं. बाळकुमच्या बायांना सरकारकडे अर्ज करायचा होता. लग्नाला आणि देवकार्याला वर्षातून चार दिवस, देवापुरती. राजाने तेव्हा दिली होती ना, मग आता मागून बघायला काय जातं? गुरुजींनी सात पानी अर्ज लिहिला. मौर्यांपासून मोहाच्या कायद्यापर्यंत सगळं आलं, शेर आणि पायली मात्र आले नाहीत. बायांनी अंगठे उठवले.

उत्तराला आठ महिने लागले. अर्ज विचाराधीन असून पुढील माहिती त्वरित कळवावी, असा एका ओळीचा कागद आला : सदर देव दर कार्यामागे किती प्रमाणात मद्य सेवन करतो?

गुरुजी तो कागद घेऊन ठाण्याला आणि तिथून टांग्याने बाळकुमला गेले. चंद्रभागा अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने हात धुतले आणि समोर येऊन बसली. गुरुजींनी कागद वाचून दाखवला.

"देव किती पितो म्हणून लिहायचं?"

"थेंब. येवराच. बोट बुरवून शिंपरायचा."

"आणि मडक्यातली बाकीची?"

चंद्रभागेने त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींनी सोयीचं उत्तर मनात तयार ठेवलं होतं, नैवेद्य म्हणून विसर्जन वगैरे. ते त्यांनी सुचवूनही पाहिलं.

"विसर्जन कसला? बाकीची आमी पितांव," ती म्हणाली. "तसाच लिवा, गुरुजी. कोर्टात खरं बोललाव, आता कागदावर खोटं कशाला?"

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : देव एक थेंब. उर्वरित भक्त. मग त्यांनी 'उर्वरित'मधला रफार नीट पडला की नाही ते तपासून खाली सही केली.